खडकाच्या मोजमापांवरून तेल, वायू की पाणी : क्रमाने कसे ओळखावे आणि कुठे चुकते

मुंबईच्या समुद्रातील विहिरींच्या लॉगवर (विहिरीत उपकरणे सोडून खोलीनुसार घेतलेल्या नोंदींवर) काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्यांच्या एक्सेल फायली माझ्याकडे तपासणीसाठी येत असतात. त्यांतील समीकरणे बहुतेक वेळा बरोबर असतात. चुकलेले असतात ते समीकरणात भरलेले आकडे, आणि त्याहूनही अधिक वेळा चुकलेला असतो तो पायऱ्यांचा क्रम. एका फाइलमध्ये तर कोरड्या सांगाड्याचा, म्हणजे छिद्रे रिकामी धरलेल्या खडकाचा, मॉड्युलस (दाबाला होणारा विरोध) ज्या ज्या खोलीवर ऋण आला होता, तेथे तेथे सूत्र लावून तो शून्य केलेला होता. ऋण आकडे हीच त्या विहिरीची खरी बातमी होती आणि नेमकी तीच पुसली गेली होती. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

लेखात ‘द्रायू’ हा शब्द द्रव आणि वायू या दोहोंसाठी वापरला आहे, कारण खडकाच्या छिद्रांत खारे पाणी, तेल आणि वायू यांपैकी काहीही असू शकते. पी-तरंगाचा (खडक दाबत जाणाऱ्या तरंगाचा) वेग, एस-तरंगाचा (खडक आडवा हलवत जाणाऱ्या तरंगाचा) वेग आणि घनता ही आपली तीन मूळ मोजमापे. पी-तरंग छिद्रांतील द्रायूला दाबतो, म्हणून त्याला द्रायूचा फरक कळतो. एस-तरंगाला तो कळत नाही, त्याच्यावर केवळ घनतेतून थोडा परिणाम होतो. पुढचे सगळे काम या एका फरकावर उभे आहे.

सुरुवातीपूर्वी काय हाताशी हवे

पी आणि एस सोनिक (तरंगाला लागणारा वेळ), घनता, न्यूट्रॉन (सच्छिद्रतेसाठी), गॅमा (नैसर्गिक किरणोत्सार), कॅलिपर (विहिरीचा व्यास), तसेच उथळ आणि खोल अशा दोन्ही रेझिस्टिव्हिटी (विद्युतरोध) हे लॉग लागतात. त्यांच्या जोडीला त्या विहिरीचा मड रिपोर्ट (खणताना विहिरीत फिरवलेल्या मडची, म्हणजे चिखलासारख्या द्रावणाची नोंद), साठ्याचे तापमान आणि दाब, पाण्याची क्षारता, तेलाची एपीआय ग्रॅव्हिटी (तेलाच्या हलकेपणाचे माप), तेलात विरघळलेल्या वायूचे प्रमाण आणि वायूची सापेक्ष घनता एवढे आकडे एका कागदावर एककांसह लिहून घ्यावेत. मड रिपोर्ट मागायला बहुतेक जण विसरतात. तो नसेल तर सोनिक आणि घनता यांनी नेमका कोणता द्रायू मोजला हे सांगता येत नाही, आणि मग पुढचे गणित अंदाजावर चालते.

टप्पा १ : लॉग विश्वासार्ह आहेत का, हे आधी ठरवा

पहिले काम खोली जुळवण्याचे. घनता आणि सोनिक यांच्यात अर्ध्या मीटरचा फरक राहिला, तर पातळ थरांच्या काठावर खोटे उंचवटे आणि खोटे खड्डे तयार होतात. चुनखडक आणि शेल (चिकणमातीचा खडक) यांचे थर जेथे एकाआड एक येतात, तेथे असे काठ जागोजागी असतात, म्हणून हे काम एकदा करून संपत नाही. प्रत्येक जाड शेलवर गॅमाशी ताडून पाहावे लागते.

दुसरे काम कॅलिपर पाहण्याचे. विहीर साडेआठ इंची बिटने खणलेली असेल आणि कॅलिपर दहा इंच दाखवत असेल, तर भिंत ढासळलेली आहे. घनतेच्या उपकरणाचा पॅड तेथे भिंतीला नीट टेकत नाही, ते खडकाबरोबर मडही मोजते आणि घनता खोटीच कमी येते. कमी घनता म्हणजे वायू, असे मनात धरून बसलेल्या माणसाला तेथे हमखास वायू दिसतो.

तिसरे काम एककांचे. सोनिक मायक्रोसेकंद प्रति फूट या एककात असेल, तर ३०४.८ ला त्या आकड्याने भागले की वेग किलोमीटर प्रति सेकंदात मिळतो. घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये ठेवून वेगाच्या वर्गाने गुणली की उत्तर थेट गिगापास्कलमध्ये येते. शिअर मॉड्युलस (आकार बदलण्याला विरोध) म्हणजे घनता गुणिले एस-वेगाचा वर्ग. बल्क मॉड्युलस (सर्व बाजूंच्या दाबाला विरोध) म्हणजे घनता गुणिले पी-वेगाचा वर्ग, त्यातून शिअर मॉड्युलसचे चार तृतीयांश वजा.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत जास्त वेळा वगळले जाते. खणताना मडमधील पाणी किंवा तेल भिंतीतून आत झिरपते आणि विहिरीलगतचा मूळ द्रायू मागे ढकलते. घनतेचे उपकरण भिंतीपासून काही इंचच आत पाहते आणि सोनिकही फार खोल जात नाही. खोल रेझिस्टिव्हिटी मात्र त्यापलीकडचा, हात न लागलेला खडक पाहते. म्हणजे संपृक्तता (छिद्रांत कोणता द्रायू किती टक्के) एका खडकाची आणि वेग दुसऱ्याच खडकाचा, असे मिश्रण आपण नकळत करतो. सोनिक आणि घनता यांच्यासोबत नेहमी उथळ किंवा सूक्ष्म रेझिस्टिव्हिटीवरून काढलेली, झिरपलेल्या पट्ट्याची संपृक्तता वापरावी. खोल रेझिस्टिव्हिटीवरून आर्चीच्या (रेझिस्टिव्हिटीवरून पाण्याचे प्रमाण काढणाऱ्या) सूत्राने आलेली संपृक्तता पुढे पाचव्या टप्प्यात लागते, येथे नाही.

इशारा : एस-सोनिक मोजलेला नसेल आणि तो पी-वेगावरून अंदाजाने काढला असेल, तर पी आणि एस वेगांचे गुणोत्तर द्रायूचा पुरावा म्हणून वापरू नये. तो आकडा आपणच आपल्याला दिलेला असतो. त्यातही कास्टानाची मडरॉक रेषा (पी-वेगावरून एस-वेग काढण्याचे सूत्र) शेल आणि गाळाच्या सिलिकायुक्त खडकांसाठी आहे. ती चुनखडकावर लावलेली मी अनेकदा पाहिली आहे.

टप्पा २ : खनिजाचा मॉड्युलस

क्वार्ट्झचा बल्क मॉड्युलस सुमारे ३७ गिगापास्कल, कॅल्साइटचा ७० ते ७७, डोलोमाइटचा ९५ च्या आसपास आणि चिकणमातीच्या खनिजांचा साधारण २० ते २५ धरतात. खनिजे मिसळलेली असतील तर फॉइग्ट आणि रॉइस या दोन टोकांच्या सरासऱ्या काढून त्यांचा मध्य, म्हणजे हिलची सरासरी घ्यावी.

येथे चूक होते ती बहुधा चिकणमातीचे प्रमाण काढताना. गॅमा जास्त म्हणजे शेल जास्त, हे गणित चुनखडकात फसते, कारण युरेनियममुळे स्वच्छ चुनखडकाचाही गॅमा वाढतो. स्पेक्ट्रल गॅमा असेल तर युरेनियम वगळून उरलेला भाग घ्यावा; नसेल तर घनता आणि न्यूट्रॉन यांच्या अंतरावरून ताडून पाहावे. शिवाय सच्छिद्रता (खडकातील छिद्रांचा वाटा) एकूण घेतली की परिणामी (इफेक्टिव्ह, म्हणजे चिकणमातीला चिकटलेले पाणी वगळून), हे ठरवून त्याला धरून राहावे. एकूण सच्छिद्रता घेतली तर चिकणमातीला चिकटलेले पाणी छिद्रांत मोजले गेले आहे, तेव्हा चिकणमातीचा मॉड्युलस कोरड्या खनिजाचा हवा. परिणामी घेतली तर ओल्या चिकणमातीचा. या दोन्हींची सरमिसळ झाली तर ती कोणत्याही आलेखावर दिसत नाही.

टप्पा ३ : द्रायूचे गुणधर्म, साठ्याच्या दाबाला आणि तापमानाला

येथे बॅट्झल आणि वांग यांची १९९२ ची समीकरणे वापरतात. साठ्याच्या परिस्थितीत खाऱ्या पाण्याचा बल्क मॉड्युलस साधारण २.२ ते ३, तेलाचा अर्धा ते दीड आणि वायूचा ०.०१ ते ०.१ गिगापास्कल या पट्ट्यांत पडतो. आपला आकडा या पट्ट्यांबाहेर गेला, तर आधी एकके तपासावीत. ही समीकरणे दाब मेगापास्कलमध्ये मागतात आणि आपल्या अहवालांत तो पीएसआयमध्ये असतो. १ मेगापास्कल म्हणजे सुमारे १४५ पीएसआय. क्षारता समीकरणाला अपूर्णांकात हवी असते आणि प्रयोगशाळा ती पीपीएममध्ये देते.

दुसरी चूक तेलाची. प्रयोगशाळेच्या बाटलीतील तेलातून वायू निघून गेलेला असतो. साठ्यातील तेलात तो विरघळलेला असतो आणि त्यामुळे ते तेल बरेच मऊ आणि हलके असते. विरघळलेल्या वायूचे प्रमाण शून्य ठेवून काढलेले तेल पाण्याच्या इतके जवळ जाते की नंतर आलेखावर दोघे वेगळे होत नाहीत, आणि मग ‘येथे द्रायू ओळखता येत नाही’ असा निष्कर्ष अहवालात उतरतो.

टप्पा ४ : कोरडा सांगाडा काढा आणि तेथे थांबा

गासमानने १९५१ मध्ये मांडलेले समीकरण असे वाचावे. को म्हणजे कोरड्या सांगाड्याचा बल्क मॉड्युलस, ख खनिजाचा, द्र द्रायूचा, सं द्रायूने भरलेल्या खडकाचा आणि स म्हणजे सच्छिद्रता.

सं = को + (१ − को ÷ ख)² ÷ [स ÷ द्र + (१ − स) ÷ ख − को ÷ ख²]

लॉगवरून सं हातात असतो, म्हणून आधी उलटे रूप लागते :

को = [सं × (स × ख ÷ द्र + १ − स) − ख] ÷ [स × ख ÷ द्र + सं ÷ ख − १ − स]

एक उदाहरण अखेरपर्यंत सोबत ठेवू. समजा, वालुकाश्माची सच्छिद्रता २५ टक्के आहे, तो खाऱ्या पाण्याने भरला आहे, पाण्याचा मॉड्युलस २.८ गिगापास्कल आणि घनता १.०५ आहे, खनिज क्वार्ट्झ, म्हणजे ३७. पी-वेग ३.२०, एस-वेग १.७० किलोमीटर प्रति सेकंद आणि घनता २.२५ आहे. यावरून शिअर मॉड्युलस ६.५०, सं १४.३७ आणि को ८.७० येतो. को आणि शिअर मॉड्युलस यांचे गुणोत्तर १.३४, म्हणजे वालुकाश्मासाठी पटण्याजोगे.

आता हाच खडक वायूने भरलेला असताना मोजला गेला आणि गणित करणाऱ्याने सवयीने छिद्रांत पाणी धरले, असे समजू. वायू असताना (८० टक्के, टप्पा ५ मधला) सं ८.९३ असतो. तो पाण्याच्या मॉड्युलससह वरच्या उलट्या रूपात घातला तर को येतो वजा ०.३४. निसर्गात असा सांगाडा नसतो. म्हणजे ऋण उत्तर येण्याचे एक कारण, उपकरणाने पाहिलेला द्रायू आपण धरलेल्या द्रायूपेक्षा मऊ आहे, हे असते. उरलेली कारणे म्हणजे सच्छिद्रता चुकणे, एस-वेग जास्त वाचला जाणे किंवा ढासळलेली भिंत. चारही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तपासणी : को चा खोलीनुसार आलेख काढावा. एकाच प्रकारच्या खडकात तो सच्छिद्रतेबरोबर हळूहळू बदलायला हवा. तेल-पाणी संपर्काच्या पातळीवरच को मध्ये पायरी पडत असेल, तर सांगाड्यात द्रायूचा अंश शिल्लक राहिला आहे आणि पहिल्या टप्प्यातील संपृक्तता चुकली आहे. सांगाड्याला आपल्या छिद्रांत काय भरले आहे हे ठाऊक नसते.

टप्पा ५ : द्रायू बदलून पाहा

को पटला की तो आणि शिअर मॉड्युलस कायम ठेवून नवा द्रायू घालायचा, घनता नव्याने काढायची आणि मग दोन्ही वेग. घनता बदलायची राहून जाणे ही चूक इतकी सामान्य आहे की मी फाइल उघडल्यावर पहिल्यांदा तोच रकाना पाहतो. एस-वेग तसाच्या तसा राहिलेला दिसला की समजावे.

आपल्या वालुकाश्मात ८० टक्के वायू (मॉड्युलस ०.०८, घनता ०.२०) आणि २० टक्के पाणी घातले, तर घनता २.०८, पी-वेग २.९१ आणि एस-वेग १.७७ होतो. गुणोत्तर १.८८ वरून १.६५ वर येते. पी-वेगात नऊ टक्क्यांची घट, म्हणजे स्पष्ट खूण.

पण आता वायू केवळ १० टक्के ठेवून तेच गणित करावे. पी-वेग पुन्हा २.९१ येतो. दोन दशांश स्थळांपर्यंत तोच! कारण पाण्यात थोडासा वायू समान मिसळला तरी मिश्रणाचा मॉड्युलस एकदम खाली येतो, आणि नंतर कितीही वायू वाढवला तरी तेथे घसरायला फारसे उरत नाही. उलट हलक्या होत जाणाऱ्या घनतेमुळे वेग किंचित चढतो. फरक दिसतो तो घनतेत : १० टक्क्यांना २.२३ आणि ८० टक्क्यांना २.०८. म्हणून पी-वेगावरून ‘वायू आहे’ म्हणता येते, ‘विकण्याजोगा वायू आहे’ म्हणता येत नाही. त्यासाठी घनता लागते, आणि ती घनता टप्पा १ मधून स्वच्छ होऊन आलेली लागते.

मिसळण्याच्या पद्धतीचाही प्रश्न आहे. वर वायू आणि पाणी छिद्राछिद्रात समान मिसळलेले धरले. ते मोठ्या ठिगळांत वेगवेगळे असतील, तर त्याच १० टक्के वायूला पी-वेग ३.१७ येतो, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकाच. दोन्ही टोके काढून अहवालात दोन्ही दाखवावीत. मधला मार्ग म्हणून ब्रीचे सूत्र (दोन टोकांमधला मॉड्युलस देणारे) घेतले, तर घातांक कोणता आणि का घेतला हे लिहावे.

टप्पा ६ : चुनखडक असेल तर सावकाश जा

पाठ्यपुस्तकांतील बहुतेक उदाहरणे वालुकाश्माची असतात, आणि मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकात आहे. ही विसंगती लक्षात न घेतल्यामुळे आपल्याकडे जितके चुकते, तितके समीकरणामुळे चुकत नाही.

समजा, २० टक्के सच्छिद्रतेचा चुनखडक त्याच पाण्याने भरलेला आहे, पी-वेग ४.३०, एस-वेग २.३०, घनता २.३८, खनिजाचा मॉड्युलस ७७. को सुमारे २०.३ येतो. त्यात ७५ टक्के तेल (मॉड्युलस १.०, घनता ०.७५) घातले तर पी-वेग ४.१५ होतो, ८० टक्के वायू घातला तर ४.०८. वायूलाही घट पाच टक्के, तेलाला साडेतीन. सांगाडा कडक असल्यामुळे आत काय भरले आहे याने त्याला फारसा फरक पडत नाही. उलट सच्छिद्रता दोन टक्क्यांनी वाढली तर पी-वेगात साधारण दीडशे मीटर प्रति सेकंदांचा फरक पडू शकतो, म्हणजे तेलाने पडतो तेवढाच. म्हणून येथे केवळ पी-वेग किंवा केवळ ध्वनिबाधा (घनता गुणिले पी-वेग) पाहून तेल सांगू नये. गुणोत्तर पाहावे, ते १.८७ वरून तेलाला १.७९ आणि वायूला १.७२ होते.

शिवाय गासमानचे समीकरण छिद्रे एकमेकांना जोडलेली आहेत आणि त्यांतील दाब तरंग जाताना सर्वत्र समान होतो, असे धरते. विरघळून तयार झालेली सुटी छिद्रे, ज्यांत शिंपल्यांचे साचे दिसतात, ती या गृहीतकात बसत नाहीत. आणि काही चुनखडकांत पाणी शिरल्यावर शिअर मॉड्युलसही बदलल्याचे प्रयोगशाळेत दिसते. म्हणून चुनखडकाचा कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा नमुना) असेल, तर लॉगवरच्या को ला त्याचा आधार घ्यावाच.

कोअरच्या मोजमापाबाबत दोन गोष्टी जवळून सांगतो. पहिली वेळेची. ५० मिलिमीटर लांबीच्या प्लगमधून (कोअरमधून कापलेल्या तुकड्यातून) ४ किलोमीटर प्रति सेकंद वेगाचा तरंग १२.५ मायक्रोसेकंदांत पार होतो. तरंगाची सुरुवात वाचताना ०.२ मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाले तर वेगात १.६ टक्के चूक, म्हणजे सुमारे ६४ मीटर प्रति सेकंद. वरच्या तेलाच्या खुणेचा जवळजवळ निम्मा भाग तेथेच गेला. त्यामुळे प्लग न ठेवता दोन्ही ट्रान्सड्युसर (तरंग पाठवणारा आणि घेणारा) एकमेकांना टेकवून शून्य-वेळ रोज मोजावी आणि प्लगची दोन्ही तोंडे समांतर आहेत की नाही, हे व्हर्नियरने चार जागी पाहावे.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची, आणि ती खास आपल्या गावची आहे. जुलैत ओव्हनमधून काढलेला प्लग वजनकाट्यावर ठेवला की शेवटचा अंक एका जागी थांबत नाही. हवेतील ओल पिऊन वजन डोळ्यांदेखत चढत जाते. प्लग डेसिकेटरमध्ये थंड करावा, त्यातील निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर आधी ती बदलावी आणि वजन लगेच घ्यावे. मात्र उलट टोकालाही जाऊ नये. भट्टीत पार सुकवलेला खडक म्हणजे गासमानचा ‘कोरडा’ खडक नव्हे, कारण पाण्याचा पहिला अंश कणांच्या सांध्यांना मऊ करतो आणि सांगाड्याचे मॉड्युलस खाली आणतो. चिकणमाती असलेले प्लग आर्द्रता नियंत्रित ओव्हनमध्ये ६० अंश सेल्सियसच्या आसपास सुकवावेत, आणि वेगाचे मोजमाप साठ्यातील परिणामी दाबाला, म्हणजे वरच्या थरांचा दाब उणे छिद्रांतील दाब, एवढ्याला करावे.

इशारा : भिजवलेल्या प्लगचा प्रयोगशाळेतील वेग थेट भूकंपीय (पृष्ठभागावरून तरंग सोडून केलेल्या सर्वेक्षणातील) वेगाशी जुळवू नये. प्रयोगशाळा दहा लाख हर्ट्झच्या आसपास मोजते, सोनिक दहा हजारांच्या आसपास आणि भूकंपीय सर्वेक्षण दहा ते शंभरमध्ये. उच्च वारंवारतेला द्रायूला छिद्राछिद्रांत दाब समान करायला वेळ मिळत नाही आणि खडक अधिक कडक भासतो. कोरड्या प्लगचा मॉड्युलस घ्यावा आणि द्रायू गासमानने घालावा.

टप्पा ७ : आलेख आणि भूकंपीय माहिती

ध्वनिबाधा आडव्या अक्षावर आणि पी-एस गुणोत्तर उभ्या अक्षावर घेऊन ओडेगार्ड आणि आव्सेथ यांच्या पद्धतीचा साचा, म्हणजे पाणी, तेल आणि वायू कोठे पडतील हे दाखवणाऱ्या रेषा, काढावा. पण साच्यातील रेषा आपल्या विहिरीतील पाण्याच्या थरांवर आधी बसवाव्यात आणि मगच तेल-वायूचे बिंदू त्यावर टाकावेत. दुसऱ्या क्षेत्राचा साचा उचलून लावलेला दिसला, तर मी पुढचे पान उलटत नाही.

भूकंपीय माहितीकडे जाताना थराची जाडी पाहावी. ३० हर्ट्झ आणि ४.१५ किलोमीटर प्रति सेकंद या वेगाला तरंगलांबी सुमारे १३८ मीटर होते, म्हणजे ३५ मीटरपेक्षा पातळ थराचा वरचे आणि खालचे परावर्तन एकमेकांत मिसळतात आणि आयाम (परावर्तनाची उंची) जाडीमुळेच बदलतो. तो बदल द्रायूच्या नावावर जमा करू नये.

टप्पा ८ : निष्कर्ष लिहिण्यापूर्वी

वेगांनी जे सांगितले, त्याला वेगांशी संबंध नसलेला एक तरी साक्षीदार हवा. सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे वायरलाइन फॉर्मेशन टेस्टरचे (विहिरीत तारेने सोडून थरातील दाब मोजणाऱ्या उपकरणाचे) दाब. पाण्याची घनता १.०५ असेल तर दाब दर मीटरला सुमारे १०.३ किलोपास्कलने वाढतो, ०.७५ घनतेच्या तेलात ७.४ ने आणि ०.२० घनतेच्या वायूत केवळ २ ने. उतार काढण्यासाठी एका थरात तीन तरी चांगले बिंदू लागतात. पातळ थरांच्या चुनखडकात ते मिळत नाहीत आणि वेगवेगळ्या थरांचे बिंदू एका रेषेत ओढण्याचा मोह होतो, तो टाळावा. उतार आणि वेग यांचे उत्तर वेगळे आले तर अहवालात दोन्ही लिहावीत, सोबत झिरपलेल्या पट्ट्याची कोणती संपृक्तता, कोणता खनिज मॉड्युलस आणि कोणती मिसळण्याची पद्धत धरली हे लिहावे, आणि को चा खोलीनुसार आलेख ऋण आकड्यांसकट जोडावा.